रक्तवाहिन्या मोजणारे सर

पहिल्या दिवशी सरांनी मला नाव विचारलं नाही. "आ कर," म्हणाले. मी पुढच्या शिक्षणासाठी त्यांच्या विभागात नुकती रुजू झाले होते, हातात प्रवेशाचे कागद होते. सरांनी खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली, माझे दोन्ही गाल आतून बघितले, जीभ वर करायला लावली आणि म्हणाले, "स्वच्छ आहे. बस." नाव त्यांना चार दिवसांनी कळलं, तेही हजेरीपटावरून.

सांगलीच्या त्या डेंटल कॉलेजात आमचा विभाग सगळ्यात शेवटच्या मजल्यावर होता. तोंडातल्या गाठीचा किंवा चट्ट्याचा छोटा तुकडा काढून वर यायचा. तो मेणात घट्ट बसवायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप घ्यायचे, काचेवर रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं की हे साधं आहे की कॅन्सर. पेशंट आम्हाला कधी बघत नाही. त्याच्या लेखी डॉक्टर म्हणजे खालचा सर्जन. सरांना ते बरं वाटायचं. तुकड्यासोबत जो कागद यायचा, त्यावरचं नाव ते स्लाइड बघून होईपर्यंत वाचायचे नाहीत. कागदाची वरची पट्टी दुमडून खाली टाचणी मारायचे.

"नाव वाचलं की डोळा मऊ पडतो," म्हणायचे. "आधी पेशी. मग माणूस."

पण हाच माणूस विभागाच्या बाहेर पडला की जो भेटेल त्याचं तोंड बघायचा. रिक्षात बसले की रिक्षावाल्याचं, दुकानात गेले की दुकानदाराचं. एसटीच्या कंडक्टरनं सुट्टे मागितले तर सर म्हणायचे, "देतो, आधी आ करा." वडील मिरजेत स्टो आणि कंदील दुरुस्त करायचे, त्यामुळे असेल कदाचित, बिघडलेली वस्तू समोर आली की उघडून बघितल्याशिवाय सरांना राहवत नसे. लोक हसायचे, काही शिव्या द्यायचे. सरांच्या चेहऱ्यावर दोन्हीचा परिणाम सारखाच, म्हणजे काहीच नाही.

माझा साखरपुडा आष्ट्यात झाला. सर आले, पेढा घेतला, मला आशीर्वाद दिला आणि भर मांडवात माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "पाहुणं, जरा आ करा."

मामंजी आष्ट्यातले बागायतदार. डोक्याला फेटा, तोंडात तंबाखूचा मावा. त्यांना वाटलं चेष्टा चाललीय, म्हणून हसत उघडलं. सरांनी बॅटरी मारली. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता. सर तिथंच म्हणाले, "हा काढून तपासायला लागतोय. अजून काही झालेलं नाही. पण उद्याचं सांगता येत नाही."

 माझ्या आईनं पदर तोंडाला लावला. मामंजींचा चेहरा उतरला आणि मग तापला. "साखरपुड्याला आलाय का दवाखाना मांडायला?" म्हणून ते उठून गेले. लग्न मोडता मोडता राहिलं. पुढं तीन महिने सरांचं नाव आमच्याकडं निघालं नाही. आणि दिवाळीच्या आधी एके दिवशी मामंजी एकटेच एसटीनं सांगलीला आले, कुणालाही न सांगता, आणि विभागाच्या दारात चप्पल काढून उभे राहिले. चट्टा काढला. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण कॅन्सर झाला नव्हता. सर मला स्लाइड दाखवत म्हणाले, "बघ, खाली अजून शांतता आहे. नळ फुटलेले नाहीत." मामंजींनी मावा सोडला. त्या दिवसाबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत, पण दर वर्षी गुऱ्हाळ सुरू झालं की गुळाची पहिली ढेप सरांच्या घरी मिरजेला जाते.

नळ म्हणजे रक्तवाहिन्या. सरांचं सगळं आयुष्य त्यांच्यातच गेलं. गाठीच्या कडेला जिथं रक्तवाहिन्या सगळ्यात दाट असतील ती जागा ते शोधायचे आणि तिथल्या एकेक वाहिनीसाठी एका वाटीतला चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचे. आम्ही म्हणायचो, "सर, कॉम्प्युटरवर फोटो काढून मोजता येतं." ते म्हणायचे, "येतं. पण मग बघितलं कुणी?" दुपारभर विभागात तो आवाज चाले. टक्. टक्. अशा किती वह्या भरल्या असतील कोण जाणे. एकदा मुंबईच्या कुठल्याशा परिषदेत त्यांनी हे सगळं मांडलं. कुणीतरी उभं राहून म्हणालं की हे तर आधीच माहीत आहे. सर परत आले, डबा उघडला, दोन घास खाऊन म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. जगाला ठाऊक झालेलंच मी सांगलीत पुन्हा मोजत बसलोय." आणि हात धुऊन पुन्हा मोजायला बसले.

शिकवताना मात्र ते खुलायचे. पहिल्याच तासाला फळ्यावर एक ठिपका काढायचे. "ही कॅन्सरची गाठ. मोहरीएवढी. तोवर आसपासच्या ओलीवर भागतंय. आता हिला वाढायचंय. पण मधल्या पेशींना पाणी पोचत नाही, श्वास कोंडतो. काय करेल?"

वाळव्याकडचा एक पोरगा म्हणाला, "कॅनॉलला चोरून सायफन टाकंल, सर."

सर खूश झाले. "शेतकऱ्याचा आहेस. पण हा चोर त्याच्याहून हुशार. तो पाइप टाकतच नाही. तो कॅनॉलला फूस लावतो. एक रसायन सोडतो, ते शेजारच्या चांगल्या रक्तवाहिनीला जाऊन लागतं, आणि तीच आपणहून फांदी काढून याच्या रानात येते. आपल्याच अंगातली, आपलीच नळी. घाईत झालेली, वाकडीतिकडी, गळकी. तिच्यातून गाठीला अन्न येतं, आणि तिच्यातूनच गाठीच्या पेशी बाहेर पडून गावोगाव जातात." मग खडू ठेवून हळू आवाजात म्हणायचे, "अंग दगा देत नाही रे. अंगाला फसवलं जातं."

विभागात काप घ्यायचं काम सुभेदारांकडं होतं. ते खरं म्हणजे फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याच्या अलीकडच्या एका गावचे. सुभेदार ही पदवी सरांनी दिलेली. आठवडाभर सांगलीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. मेणाच्या वडीचे काप घेण्यात त्यांच्या हाताला तोड नव्हती. धारदार पात्यावरून काप निघायचा तो सलग, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आणि तेवढा वेळ ते श्वास रोखून धरायचे. बंदुकीवर असंच शिकवत्यात, म्हणायचे.

आणि तोंडात कायम तंबाखू. बर्फातल्या ठाण्यावर पहाऱ्याला डोळा लागू नये म्हणून लागलेली सवय. सरांनी त्यांच्या चुना-तंबाखूच्या अकरा डब्या जप्त करून नमुन्यांच्या कपाटात बरणीत ठेवल्या होत्या, वर चिठ्ठी लावून. सुभेदार बारावी आणायचे. रमजानात मात्र सरांचे रोजे असायचे, तेव्हा सुभेदारही दिवसभर डबी उघडायचे नाहीत. "तुमचा रोजा तर माझाबी अर्धा," म्हणायचे. सर म्हणायचे, "मग मी बारा महिने धरतो, सुभेदार. तुमच्यासाठी."

एकदा सरांनी त्यांना बळंच मायक्रोस्कोपपाशी बसवलं आणि एका गाठीतल्या शिरा दाखवल्या. सुभेदारांनी बघितलं. उठले. म्हणाले, "सर, तुमी हितं बसून मरण बघता. आमीबी बघितलंय, हातभर अंतरावरनं. सारखं सारखं दावू नगा. आन माझं तोंड बघतो म्हणू नगा. दोस्ती ऱ्हाऊ द्या."

सरांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. मग म्हणाले, "ठीक. नाही म्हणणार."

आणि खरंच नाही म्हणाले. साऱ्या सांगलीला आ करायला लावणारा माणूस रोज आठ तास शेजारी बसणाऱ्या माणसाला दोन वर्षं तोंड उघड म्हणाला नाही. दिलेला शब्द होता.

माझ्या शेवटच्या वर्षी एक तुकडा आला. मी बाटली नोंदवली. नाव वाचलं, पण मला त्यातून काही कळलं नाही. सुभेदारांना आम्ही सुभेदारच म्हणत होतो, कागदावरचं त्यांचं नाव कुणाच्या ध्यानात असणार? मेणाची वडी तयार झाली. काप सुभेदारांनी घेतले. त्या दिवशी त्यांना जरा वेळ लागला एवढंच मला आठवतं. पण काप तसाच निघाला, सलग.

दुसऱ्या दिवशी सरांनी नेहमीसारखी पट्टी दुमडली आणि स्लाइड लावली. थोड्या वेळानं त्यांनी आम्हा सगळ्यांना हाका मारल्या. "या, या. बघून घ्या. पुस्तकात छापावी अशी आहे." ते अगदी उत्साहात होते. "गाठीच्या कडेला बघा. किती फांद्या! एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. आणि इथं, या नळीच्या तोंडाशी गाठीच्या पेशी उभ्या आहेत बघा, आत शिरायच्या तयारीत." आम्ही एकेक करून बघितलं, वह्यांत चित्रं काढली. सुभेदार मागं काचा पुसत उभे होते.

सर्वांचं झाल्यावर सर म्हणाले, "काप काय सुंदर घेतलाय सुभेदारांनी." आणि कागदाची टाचणी काढली.

त्यांनी नाव वाचलं. गाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"सुभेदार, हा तुमच्या गावचा दिसतोय. ओळखता?"

"व्हय सर," सुभेदार म्हणाले. "म्याच त्यो."

 सर उठले नाहीत. त्यांनी खिशातून बॅटरी काढली, पण ती मुठीतच धरून राहिले. सुभेदारच जवळ आले, स्टूल ओढून समोर बसले आणि तोंड उघडलं. दोन बोटं जातील एवढंच उघडत होतं. कित्येक महिने ते भाकरी दुधात कुस्करून खात होते आणि आम्हाला सांगत होते, दात गेले.

"मला का नाही सांगितलं?" सरांनी विचारलं.

"तुमी इचारलं न्हाई, सर."

ते बोचून बोलले नव्हते. साधं उत्तर दिलं होतं. पण सरांना ते जे लागलं ते लागलंच. त्या स्लाइडच्या शिरा त्यांनी मोजल्या नाहीत. वाट्या कपाटात गेल्या आणि त्यानंतर कधी बाहेर आल्याचं मी बघितलं नाही.

ऑपरेशन मोठं झालं. डावा गाल, खालचा अर्धा जबडा, मानेतल्या गाठी. गालाच्या जागी छातीवरचं मांस कातड्यासकट वळवून लावलं. असा लावलेला तुकडा जगेल की काळा पडेल हे पहिल्या काही दिवसांत ठरतं. सर दिवसातून चार वेळा वॉर्डात जायचे. रंग बघायचे, बोटानं हलकेच दाबायचे आणि पांढरा झालेला भाग पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचे. एकदा मी सोबत होते. टाचणी टोचल्यावर लाल थेंब आला, म्हणजे तुकडा जिवंत होता, आणि सर भिंतीला टेकले.

"तीच रसायनं, पोरी," जिन्यातून उतरताना म्हणाले. "गाठ ज्यांनी शिरा ओढते तीच. जखम भरायची तर तीच लागतात. नव्या नळ्या फुटल्याशिवाय हा गाल इथं रुजणार नाही. इतकी वर्षं मी त्यांना चोराचे सोबती म्हणत आलो. आणि आज हात जोडतोय, बायांनो, या, लवकर या."

गाल रुजला. सुभेदार वाकड्या तोंडानं घरी गेले. रेडिएशनचे शेक घेतले. बोलणं बोबडं झालं, पण झालं. नोकरी सुटली. तंबाखूही सुटली, आता कुठं ठेवणार होते? दीड-दोन वर्षं बरी गेली. मी शिक्षण संपवून आष्ट्यात दवाखाना टाकला. सर निवृत्त झाले. महिन्यातून एकदा ते एसटीनं सुभेदारांच्या गावी जायचे. शेतावरच्या बोरीखाली दोघं बसायचे. काय बोलायचे, माहीत नाही. सुभेदारांच्या बायको, म्हणजे काकू, मला म्हणाल्या, "कायबी बोलत न्हाईत. दोगं मिळून शेंगा फोडत्यात."

मग मानेत गाठ आली. डाव्याच बाजूला. दुसऱ्या ऑपरेशनचा उपयोग नव्हता, शेक आधीच झाले होते. मी सरांना फोन केला. नवीन औषधांचं विचारलं, त्या शिरांचा रस्ताच बंद करणारी औषधं असतात त्यांचं.

"असतात," सर म्हणाले. "एक पाट अडवला की गाठ दुसरा फोडते. काहींना थोडे दिवस जास्त मिळतात, काहींना तेही नाही. आणि त्या औषधानं रक्तस्राव होतो. ह्यांची गाठ कुठं आहे ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होतं. मानेतल्या मोठ्या धमनीला चिकटून.

त्या आठवड्यात सर आष्ट्याला आले. दवाखान्यात बसले. थकलेले दिसत होते. म्हणाले, "मला टॉवेल घ्यायचेत. चल जरा."

दुकानदारानं पांढरे काढले. दवाखान्यासाठी पांढरेच बरे, म्हणाला. सर म्हणाले, "पांढरे नकोत. गडद. चॉकलेटी, काळपट, जे असतील ते. मोठे. सहा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अशा पेशंटच्या घरी सांगून ठेवतात. धमनी फुटलीच तर काही मिनिटांचा खेळ असतो, कुणी काही करू शकत नाही. करायचं ते एवढंच की पेशंटला कुशीवर घ्यायचं, हात धरायचा आणि गडद कापड लावायचं, म्हणजे रक्त रक्तासारखं दिसत नाही. त्याला नाही आणि घरच्यांनाही नाही.

आम्ही दोघं गावी गेलो. सुभेदार पडवीत खाटेवर होते, वाळून गेलेले. सरांना बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. सरांनी खांदा दाबून निजवलं आणि शेजारी बसले. पिशवी मी काकूंना आत नेऊन दिली. सर मागोमाग आले. त्यांनी सुरुवात केली, "वहिनी, थंडी वाढतेय, म्हणून म्हटलं..." आणि अडकले. आयुष्यभर सगळ्यांना तोंडावर सांगणारा माणूस पुढं बोलेना.

काकूंनी एक टॉवेल उलगडला, हातात धरून बघितला. "रगात दिसू ने म्हणून व्हय, सर?"

सरांनी मान हलवली.

"मग तसं सांगा की. मी काय हितनं पळून चाललीय व्हय?" त्या म्हणाल्या. "कसं धरायचं त्येवडं दावा."

मग सरांनी दाखवलं. स्वयंपाकघरात, चुलीजवळ, एका उशीला कुशीवर ठेवून. कुठं दाबायचं, दुसऱ्या हातानं काय करायचं, काय बोलायचं. काकू लक्ष देऊन बघत होत्या. मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. सर म्हणाले, "बरोबर." बाहेर सुभेदारांनी काहीतरी विचारलं. बोलणं आता मला कळत नव्हतं, सरांना कळायचं. "काय न्हाई," सर आतूनच ओरडले, "च्या करतोय."

तसं काही झालं नाही. पाच आठवड्यांनी एका दुपारी जेवणाच्या वेळी सुभेदार झोपेतच गेले. काकू खाटेशीच होत्या. त्यांना वाटलं, डुलकी लागलीय.

तेराव्याला आम्ही गेलो. गावातले फौजी गणवेशाची जुनी टोपी घालून आले होते. सर एका कडेला पत्रावळीपुढं बसले होते. थोरल्या मुलानं त्यांना हाताला धरून घरच्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं. सर जेवले, पण किती जेवले ते मी बघितलं नाही.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. हातात त्या टॉवेलांतले दोन होते, कोरे, घडीसुद्धा न मोडलेले. "चार ठिवल्यात मी. लेकीस्नी हुतील," म्हणाल्या. "ह्यो एक तुमी न्या, सर. एक पोरीला. वापरा. नुसता ठिवू नगा."

सरांनी घेतला. काखेत मारला. एसटीला गर्दी होती, पण कऱ्हाडला मागची सीट मिळाली. खिडकीतून ऊन येत होतं. सरांनी तो टॉवेल उघडला, डोक्यावरून घेतला आणि मान मागं टाकली. पहिल्याच वळणावर त्यांना झोप लागली, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. इस्लामपूर गेलं. माझं आष्टा आलं आणि गेलं. उतरायचं होतं, पण त्यांना एकटं सोडून उतरावंसं वाटलं नाही. सांगलीच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली, तरी सर घोरत होते. कंडक्टर येऊन म्हणाला, "आवं बाई, उठवा की बाबास्नी." मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबता का?" तो थांबला.